घर आपलं, बटण कोणाचं?

पुण्यात घेतलेल्या जुन्या फ्लॅटचं वायरिंग आम्ही नव्याने करायला काढलं. माझा धाकटा भाऊ मिरजेत इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, त्यामुळे काम त्याच्याकडेच. लेक पुण्यातच फर्मवेअर लिहिते, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम. दिवे, पंखे, गिझर, कुलूप सगळं फोनवरून आणि आपोआप चालावं ही तिची इच्छा. भिंतींना झिऱ्या मारून झाल्या होत्या, गिलावा बाकी होता. एकदा गिलावा झाला की भिंतीतलं काम पंचवीस-तीस वर्षं कुणी उकरत नाही, म्हणून दोघांनी आधी नीट बसून बोलावं असं मी सुचवलं. त्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग इथे देते आहे. मला राहवलं नाही तिथे माझंही म्हणणं घातलं आहे.

लेक: मामा, वीज वायरनेच जाणार, त्याबद्दल वाद नाही. पण हुकूम वायरने जायची गरज आता उरलेली नाही. बेडरूमचा दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करायचा तर तू टू-वे स्विच लावतोस आणि जादा वायरी ओढतोस. उद्या तिसरं ठिकाण हवं झालं तर पुन्हा भिंत फोडायची. बिनतारी बटण चिकटवलं की काम झालं. आई रात्री उठली की पॅसेजमधला दिवा आपोआप लागावा म्हणून एक सेन्सर लावायचाय. नाण्याएवढ्या सेलवर तो वर्ष-दोन वर्षं चालतो. त्यासाठी तू पाईप टाकणार का?

भाऊ: सेन्सरचं मान्य, तिथे वायर नको. पण मी घरोघर काय बघतो ते सांगतो. बल्ब एका कंपनीचा, प्लग दुसऱ्या, पंखा तिसऱ्या, आणि फोनवर प्रत्येकाचं ॲप निराळं. मुलगा बंगळुरूला, त्याच्या फोनवर पासवर्ड. घरी आजी-आजोबा, त्यांना दिवा लावता येईना. शेवटी मला बोलावून साधे स्विच बसवून घेतले.

लेक: रोग खरा आहे, पण त्याचं मूळ बघ. इथे दोन थर आहेत. खालचा थर लहरींचा, वरचा बोलण्याचा. वायफायने फक्त खालचा थर ठरवला. म्हणून एकाच राउटरला जोडलेले दोन कंपन्यांचे बल्ब एकमेकांच्या ॲपला ओळखत नाहीत. राउटर दोघांचा डेटा पोचवतो, पण त्या डेटाचा अर्थ ज्याने त्याने आपल्यापुरता ठरवलेला. झिगबी आणि झेड-वेव्ह या घरगुती उपकरणांच्या दुसऱ्या दोन बिनतारी पद्धती. त्यांनी दोन्ही थर ठरवले, पण आपापले वेगळे.

भाऊ: झेड-वेव्हचं नाव काढू नकोस. एकजण न्यू जर्सीहून येताना तसले स्विच घेऊन आला होता. ते तिकडच्या 120 व्होल्टचे, ते सोड, पण इथल्या हबला, म्हणजे सगळी उपकरणं जोडणाऱ्या पेटीला, ते दिसतच नव्हते.

लेक: दिसणारच नाहीत. झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत 908.42 मेगाहर्ट्झ, युरोपात 868.42, आपल्याकडे 865.2. आपल्याकडे 865 ते 867 हा पट्टा 2005 साली परवान्यातून मोकळा झाला, म्हणून इथली यंत्रं तिथे बोलतात. आणि 908 आपल्याकडे कुठे पडतं माहीत आहे? 890 ते 915 या पट्ट्यात, जिथे मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे ते स्विच चालवायला कुणाचा तरी जुगाड सापडलाच असता, तरी ते लावणं बेकायदा ठरलं असतं. झिगबी आणि थ्रेड नावाची आणखी एक बिनतारी पद्धत मात्र 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा जवळजवळ जगभर मोकळा आहे, आणि आपल्याकडेही 2005 पासून आहे.

(परदेशातून सामान मागवणाऱ्या प्रत्येक घराला हे सांगावंसं वाटतं. व्होल्टेज आणि प्लगची पिन सगळे बघतात, फ्रिक्वेन्सी कुणी बघत नाही. बल्ब मागवत असाल तर होल्डरही बघा: तिकडे आट्यांचा, आपल्याकडे बहुतेक पिनचा.)

भाऊ: बरं, मग या वरच्या थराचं काय केलंत तुम्ही लोकांनी?

लेक: 18 डिसेंबर 2019 ला ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी मिळून जाहीर केलं की वरचा थर एकच करू. एरवी ही मंडळी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. झिगबी अलायन्सने 2021 मध्ये कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स असं नाव घेतलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये मॅटर या नावाने त्या एका थराची पहिली आवृत्ती आली. मॅटर वायफायवर चालतं, थ्रेडवर चालतं, इथरनेटच्या केबलवरही चालतं. नवं उपकरण घरात घेताना तेवढं बहुतेकदा ब्लूटूथ लागतं. एकच बल्ब तुझ्या फोनला एका कंपनीच्या ॲपमध्ये आणि माझ्या फोनला दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये, एकाच वेळी जोडता येतो. खोक्यावर मॅटरचं चिन्ह असलं की बास.

भाऊ: त्यात पंखा होता का?

लेक: म्हणजे?

भाऊ: पहिल्या आवृत्तीत. आपल्याकडे प्रत्येक खोलीत काय असतं? एक दिवा, एक पंखा. बाथरूममध्ये गिझर.

लेक: पहिल्या आवृत्तीत दिवे होते, प्लग, स्विच, कुलपं, पडदे, थर्मोस्टॅट, टीव्ही. पंख्याला स्वतंत्र प्रकार म्हणून प्रमाणपत्र मिळायला ऑक्टोबर 2023 उजाडला, 1.2 आवृत्तीत. रूम एसी पण तेव्हाच. गिझर नोव्हेंबर 2024 मध्ये, 1.4 मध्ये.

इथे मला भावाचं म्हणणं पटलं. ज्या टेबलाभोवती प्रमाण ठरतं तिथे बसलेल्यांच्या घरातल्या वस्तू आधी यादीत येतात. थर्मोस्टॅट आपल्या घरात नसतो, तो पहिल्या दिवसापासून आहे. आपला छताचा पंखा मागून आला. मधल्या काळात आपल्याकडे कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आले आणि प्रत्येक कंपनीने आपापला रिमोट दिला. घरात तीन पंखे असतील तर सोफ्याच्या फटीत तीन रिमोट. आपल्या कंपन्यांनी आणि मानक संस्थांनी त्या टेबलावर जाऊन बसायला हवं, आणि लवकर.

भाऊ: पंख्याचं निघालंच आहे तर ऐक. बीएलडीसी पंख्याला रेग्युलेटर लावायचा नसतो, सरळ सप्लाय द्यायचा. वेग तो आतल्या आत बदलतो. आणि बाजारात जे स्मार्ट फॅन मॉड्यूल मिळतात त्यातले बरेच रेग्युलेटरवाले. लोक दोन्ही आणतात आणि मला म्हणतात जोडून द्या. पंखा घुं घुं करतो, नाहीतर मधेच बंद पडतो. तुझं मॅटरचं चिन्ह दोन्ही खोक्यांवर असलं तरी हे चुकणारच.

लेक: हो, ते चिन्ह विजेबद्दल काही सांगत नाही. फक्त बोलण्याबद्दल सांगतं.

भाऊ: गिझरचंही तेच. दोन किलोवॉटचा गिझर साधारण नऊ अँपिअर घेतो, तीनचा तेरा. लोक त्याला दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग लावतात. तापून प्लगची पिन काळी पडलेली मी पाहिली आहे. सोळाचाच लागतो, आणि पॉइंटला वायरही तशीच जाड लागते. ती आत्ता टाकली तर टाकली.

लेक: टाक. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

भाऊ: आणि न्यूट्रल?

लेक: न्यूट्रल तर मला हवाच आहे.

भाऊ: तुला का हवा ते मला माहीत आहे, पण तुझ्या आईला सांगू दे. ताई, जुन्या घरात दिव्याच्या स्विचपाशी फक्त फेज येते आणि स्विचमधून वर जाते. न्यूट्रल वरच्या वर दिव्याला. साध्या स्विचला तेवढं पुरतं. स्मार्ट स्विचच्या आत चिप असते, तिला चोवीस तास वीज लागते. न्यूट्रल नसला की ती दिव्यातूनच थोडा करंट खेचते, आणि बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, बल्ब खराब आहे. बल्ब बदलतात, तोही मिणमिणतो. म्हणून मी प्रत्येक बोर्डात न्यूट्रल देणार, आणि बॉक्सही खोल घेणार, म्हणजे स्विचच्या मागे मॉड्यूल मावेल. उद्या मॅटर गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं तरी भिंत फोडावी लागणार नाही.

लेक: मॅटर जाणार नाही, मामा.

भाऊ: कंपनी जाते की नाही?

लेक: जाते. हे मी लपवणार नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, सुमारे 300 डॉलरचा. 2014 मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि 15 मे 2016 ला हबची सेवा बंद केली. लोकांच्या घरातला चांगला चालू हब त्या दिवशी निकामी झाला. इन्स्टिऑन नावाच्या दुसऱ्या कंपनीचं तर त्याहून वाईट. एप्रिल 2022 मध्ये कंपनीने न सांगता सर्व्हर बंद केले. ॲप उघडेना, ठरवलेल्या वेळा चुकायला लागल्या. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केले.

भाऊ: भिंतीवरचे स्विच?

लेक: ते हाताने दाबले की चालत होते.

भाऊ: एवढंच मला ऐकायचं होतं.

लेक: पण यातूनच माझा मुद्दाही निघतो ना! त्या वस्तू का मेल्या? कारण बैठकीतल्या फोनने बैठकीतल्याच दिव्याला दिलेला हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून परत यायचा. मॅटरमध्ये हुकूम घरातल्या घरात फिरतो. इंटरनेट बंद असलं तरी राउटर इन्व्हर्टरवर चालू असेल तर दिवा लागतो. म्हणून मी म्हणते वायफायचे स्वस्त, सर्व्हरवर चालणारे प्लग नकोत, मॅटरचेच घ्या. आणि घरात एक छोटा संगणक ठेवून त्यावर होम असिस्टंट चालवा. ते 2013 पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. जुनं झिगबीही त्याला कळतं, मॅटरही कळतं.

भाऊ: आणि तुला दुसरीकडे नोकरी लागली तर तो संगणक कोण सांभाळणार? मी की तुझी आई?

लेकीकडे याला लगेच उत्तर नव्हतं. हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो. घरातली एक व्यक्ती हौसेने सगळं बसवते आणि बाकीच्यांचं घर त्या व्यक्तीच्या सुट्टीवर अवलंबून राहतं. असं घर सांभाळणं ज्याच्या वाट्याला येतं तो बहुधा घरातला म्हातारा माणूस असतो.

लेक: ठीक आहे, मग असं करू. भिंतीवरचं प्रत्येक बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. संगणक बंद असो, राउटर बंद असो. म्हणजे स्मार्ट बल्ब नाहीत, साधे बल्ब. हुशारी स्विचच्या मागच्या मॉड्यूलमध्ये.

भाऊ: आता बोललीस. स्मार्ट बल्ब लावलेल्या घरात पाहुणा येतो, सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतो, आणि ॲप बोंबलतं.

लेक: नुसतं ॲप नाही बोंबलत. झिगबी आणि थ्रेडमध्ये विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतं, तसं त्यांचं जाळं बनतं. बटण बंद करून एक बल्ब मेला की त्याच्या भरवशावर असलेला मागच्या खोलीतला सेन्सरही मुका होतो. स्विचमागचं मॉड्यूल मात्र सतत जागं असतं, म्हणून जाळंही घट्ट राहतं. यात तुझी आणि माझी सोय एकच आहे.

भाऊ: जाळ्याचं म्हणतेस, पण आपल्या भिंतींचं काय? बाहेरच्या भिंती नऊ इंची, मधे आरसीसीचे कॉलम, आणि बेडरूमच्या दाराशीच लोखंडी कपाट. त्याच्या मागे फोनची रेंजही जाते.

लेक: म्हणूनच जाळं हवं. राउटर एका कोपऱ्यात ठेवून सगळ्या घरावर वायफाय पसरायची अपेक्षा केली की निराशा होते. शिवाय आणखी एक गोष्ट सगळ्यांना छळते. नवे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव देतात. फोन 5 वर चढलेला असतो, स्वस्त प्लगला फक्त 2.4 कळतं, आणि जोडणी काही केल्या होत नाही. लोक प्लग परत करतात. राउटरच्या सेटिंगमध्ये थोडा वेळ 5 बंद करायचं, प्लग जोडायचा, पुन्हा चालू करायचं.

भाऊ: हे खोक्यावर का लिहीत नाहीत?

लेक: काही लिहितात, बारीक अक्षरांत. आणि झिगबी, वायफाय दोन्ही 2.4 वरच असल्याने त्यांची एकमेकांत गडबड होते. वायफाय 1, 6 किंवा 11 चॅनलवर ठेवायचं. झिगबीचे 15 आणि 20 हे चॅनल त्यांच्या मधल्या फटींत पडतात, 25 त्यांच्या पलीकडे. आपल्या इमारतीत शेजारपाजारचे राउटर एवढे आहेत की हे हाताने ठरवून द्यावंच लागेल. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात घुमतो, त्याच्या डोक्यावर हब ठेवायचा नाही.

भाऊ: मॅटर थ्रेडवर चालतं म्हणालीस. मग झिगबी कशाला?

लेक: लहरी दोघांच्या सारख्याच आहेत. थ्रेडमध्ये प्रत्येक उपकरणाला इंटरनेटच्या पद्धतीचा पत्ता मिळतो, म्हणून त्यावर मॅटर थेट बसतं. पण थ्रेडचं जाळं घराच्या वायफायला जोडायला बॉर्डर राउटर लागतो, आणि तो बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीच्या स्पीकरमध्ये असतो. दोन कंपन्यांचे स्पीकर आणले तर बराच काळ त्यांची दोन वेगळी जाळी तयार व्हायची. सप्टेंबर 2024 मध्ये थ्रेड 1.4 आलं, त्यात एका जाळ्यात सामील व्हायची पद्धत ठरवून दिली. जुन्या स्पीकरना तो अपडेट मिळेल तेव्हा खरं.

भाऊ: म्हणजे पुन्हा कंपनीच्या मर्जीवर. प्रमाण कागदावर आणि अपडेट त्यांच्या हातात.

लेक: हो. आणि अजून एक कबूल करते. मॅटर सगळ्यांना समान असतं तेवढंच बोलतं. विजेचा वापर मोजणं मे 2024 च्या 1.3 मध्ये आलं, त्याआधी त्यासाठी कंपनीचंच ॲप उघडावं लागायचं. आजही बऱ्याच उपकरणांच्या खास सोयी कंपनीच्या ॲपमध्येच राहतात.

भाऊ: मग मला सांग, प्रमाण असूनही कंपनीला दार लावून घेता येतं की नाही?

लेक: येतं. फिलिप्स ह्यूचे स्मार्ट बल्ब झिगबीवर चालतात. डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी अपडेट पाठवून दुसऱ्या कंपन्यांचे बल्ब आपल्या हबला जोडणं बंद केलं. लोकांनी एवढा गोंधळ घातला की काही दिवसांत निर्णय मागे घेतला. पुढे 2023 मध्ये त्याच हबला मॅटरचा अपडेट दिला, म्हणजे आधी घेतलेले झिगबीचे बल्बही मॅटरमध्ये आले. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीने केल्या. फरक पडला तो गिऱ्हाइकांनी आवाज केल्यामुळे.

भाऊ: युरोपात वायरने चालणारं केएनएक्स आहे. 1990 च्या सुमारास सुरू झालेल्या पद्धतीवर ते उभं आहे, आणि त्या काळचे भाग आजच्याशी जुळतात म्हणतात. मोठ्या हॉटेलच्या कामात मी पाहिलंय. हवेत काही नाही, सगळं केबलवर.

लेक: खर्च सांग ना त्याचा! फ्लॅटसाठी तो कुणाला परवडेल? आणि भाड्याने राहणाऱ्यांनी काय करायचं? घरमालक खिळा ठोकू देत नाही, तो झिरी मारू देईल? बिनतारी प्रमाण ही त्यांचीच सोय आहे. सामान बांधताना सेन्सर काढून पिशवीत टाकायचे.

भाऊ: भाडेकरूंचं खरं आहे. पण इथे घर आपलं आहे. प्रत्येक खोलीत एक रिकामा पाईप मी नेऊन ठेवणार, इथरनेटची केबल टाकायला. आत्ता टाकायची की नाही ते तू बघ.

लेक: टाकू. राउटरपासून हॉलपर्यंत केबल असेल तर वायफायवरचा निम्मा भार उतरतो.

मग मुख्य दरवाजाच्या कुलपावर दोघे अडले. लेकीला बोटाच्या ठशाचं आणि फोनवरचं कुलूप हवं. भावाचं म्हणणं, सेल संपला किंवा कंपनीने अपडेट बंद केला तर दाराबाहेर तुझी आई उभी राहणार. तिने सांगितलं, किल्लीचं भोक असलेलंच घेऊ. तो म्हणाला, मग किल्लीच ठेव. यावर त्यांचं जमलं नाही, आणि मीही अजून ठरवलेलं नाही.

एका बारीक गोष्टीवर मात्र दोघांनी एका आवाजात सांगितलं. मॅटरच्या प्रत्येक उपकरणावर क्यूआर कोड आणि 11 आकडी संकेत असतो. तो गेला की ते उपकरण पुन्हा नव्याने जोडणं फार अवघड होऊन बसतं. स्विचमागच्या मॉड्यूलवर तो पाठीला छापलेला असतो, म्हणजे प्लेट लावली की भिंतीच्या आत गेला. कामगार खोकी भंगारात टाकतात, त्यांच्यासोबत दुसरी प्रतही जाते. म्हणून भावाने प्रत्येक मॉड्यूल बसवायच्या आधी कोडचा फोटो काढायचा, खालती कुठल्या खोलीतला कुठला स्विच ते लिहायचं, आणि छापलेला कागद डीबीच्या, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा असं ठरलं. घर उद्या दुसऱ्याला विकलं तरी तो कागद घरासोबतच राहील.

माझं मत आता सांगते. प्रमाणाच्या बाबतीत लेक बरोबर आहे. मॅटरसारखी सगळ्यांची एक भाषा नसती तर प्रत्येक घर एकेका कंपनीच्या दावणीला बांधलं गेलं असतं. आणि भाऊ बरोबर आहे तो अवधीच्या बाबतीत. फ्लॅट पन्नास वर्षं राहतो, चिपला अपडेट किती वर्षं मिळणार हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. हे अंतर प्रमाणाने मिटत नाही, ते कायद्याने मिटवावं लागतं. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून तसं केलं: इंटरनेटला जोडता येणाऱ्या घरगुती उपकरणांना कारखान्यातून सगळ्यांना एकच पासवर्ड देण्यावर बंदी, आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ देणार ते ग्राहकाला सांगणं सक्तीचं. पासवर्डची अट उगाच नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा कोलमडवून टाकली होती. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा 2024 मध्ये लागू झाला. त्याची मुख्य बंधनं डिसेंबर 2027 पासून पाळावी लागतील आणि साधारणपणे किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतील.

आपल्याकडे छताच्या पंख्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) तारे छापणं 1 जानेवारी 2023 पासून बंधनकारक आहे. पंखा वीज किती खातो ते खोक्यावर दिसतं. त्याच खोक्यावर हा पंखा, हा प्लग, हे कुलूप इंटरनेटशिवाय चालतं की नाही आणि त्याला कोणत्या वर्षापर्यंत अपडेट मिळणार, या दोन ओळी छापायला लावणं भारतीय मानक ब्युरोला अवघड नाही. तोवर दुकानात हे दोन प्रश्न आपणच विचारायचे. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर ती वस्तू घेऊ नका.